नदीकाठचा अननस

जपानमध्ये हामामात्सूला असताना माझ्या शेजारी एक ब्राझिलियन राहायचा. आजोबा जपानी, त्यामुळे चेहरा अगदी तिथला. पण जपानी वाचता येत नसे आणि बोलणं कारखान्यात लागेल तेवढंच. कचऱ्याची नवी नोटीस लागली की तो माझं दार वाजवी. खालच्या मजल्यावरची म्हातारी नियम सांगताना त्याच्याकडे बघून बोलायची आणि उत्तरं मी द्यायचो.

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला आलेलो. बायको आणि मुलगी काही वर्षं सोबत होत्या. मुलगी मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायला लागली, तेव्हा मी दोघींना परत पाठवलं. बाप म्हणून योग्यच केलं, असं स्वतःला सांगत राहिलो. तिला विचारलं मात्र नव्हतं.

सुटीचा दिवस खायला उठायचा. रविवारी शेजारी नदीकाठी मांस भाजायचा आणि मलाही घेऊन जायचा. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी वेगळ्या सळीवर अननस, वरून साखर आणि दालचिनी. ती सळी त्याने मांसाला कधी लावली नाही.

घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी जपानमध्येच वाढलेली; बापाची पोर्तुगीज तिला जेमतेमच येई. कारखान्यातलं काम थांबलं तेव्हा त्याने ब्राझीलला परतायचं ठरवलं. ती तयार नव्हती, आणि ती काय म्हणते ते त्याला पुरतं कळत नव्हतं. एका रविवारी नदीकाठी त्याने तिला माझ्यासमोर बसवलं.

"तुम्ही विचारा," तो म्हणाला, "आणि मला सोप्या जपानीत सांगा."

मी विचारलं. ती निखाऱ्यांकडे बघत म्हणाली, "तिथे मी कुणाशी बोलू? इथे बाबांशीसुद्धा बोलता येत नाही."

दुसरं वाक्य गाळावंसं वाटलं. पण दोन्ही सांगितली. तो सळी फिरवायची विसरला. मग तिच्याशी पोर्तुगीजमध्ये बराच वेळ, अगदी सावकाश बोलला. तिने मान हलवली. तिला किती कळलं, हे विचारायचा धीर मला झाला नाही. अननस एका बाजूने करपला होता. तो आम्ही तिघांनी तसाच खाल्ला.

ते दोघं ब्राझीलला गेले त्या संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. माझी मुलगी आता स्वच्छ मराठी बोलत होती. शाळेचं थोडं झाल्यावर म्हटलं, "तेव्हा तुला जपान सोडून परत जायचं होतं का गं?"



"आत्ता का विचारतोस, बाबा?" ती म्हणाली, आणि लगेच, "आईला देऊ?"

मी म्हटलं, दे.