मारका ठरवलेला बैल

डोणगावजवळच्या एका खेड्यात मला बैल तपासायला बोलावलंच नव्हतं. गुंगीचं इंजेक्शन हवं होतं. बैल दोघा भावांचा. त्याने धाकट्याला शिंगावर घेतलं होतं, म्हणून त्याला खामगावच्या बाजारात विकायचं होतं, आणि तो गाडीत चढत नव्हता.

"याले मस्ती आली, म्याडम," थोरला म्हणाला. "जू पाह्यलं का मुंडकं झटकते."

"आधीपासून असाच?"

"नाही जी. दिवाळीपासून. पह्यले लई गरीब होता. लेकरं पोटाखालून जात."

माझं डोकं तिथेच तापलं. पाठीवर काठीचे वळ होते. डाव्या नाकपुडीतून रक्त येत होतं. ते वेसण ओढल्यामुळे, असं दोघे भाऊ सांगत होते. याआधीच्या डॉक्टरने तर फाटकातूनच 'मारका आहे, विकून टाका' म्हणून सांगितलं होतं. माझ्याच शिक्षणाचा माणूस!

मी इंजेक्शन भरलं नाही. नुसती बघत उभी राहिले. बैल मान डावीकडे कलती धरत होता, मधूनच डोकं झटकून डावं शिंग खुंट्याला घासत होता. उजवीकडून गेले तर त्याने माझा हात हुंगला. डाव्या शिंगाच्या बुडाला बोट लागलं मात्र, तो कण्हत मागे सरला. बूड गरम होतं आणि शिंग हलत होतं.

"शिंगाचा कॅन्सर आहे याला. नाकातलं रक्तही त्याचंच. जू ठेवताना तिथेच धक्का लागतो. काऊन मारलं याले?"

"मंग का आरती ओवाळा लागते?" धाकटा म्हणाला.

"तुमची दाढ ठणकत असताना कोणी गालावर काठी हाणली, तर तुम्ही गप बसाल?" मी ओरडलेच. त्याने मान फिरवली.

बाजाराची गाडी मी परत पाठवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी जागा बधिर करून शिंग मुळापासून काढलं. थोरल्याची बायको रोज न चुकता पट्टी बदलायची. जखम भरली.

उन्हाळ्यात त्या बाजूला गेले, तेव्हा एका शिंगाचा तो बैल मान सरळ ठेवून वखराला चालत होता. थोरला कौतुकाने म्हणाला, "पाहा म्याडम, सुधरला का नाही? माराचा धाक बसला त्याले."

मग मी आवाज आवरला नाही. भर शेतात, त्याच्या बायकोसमोर, तोंडाला येईल ते बोलले. बायको पदराआड हसत होती. तो काठी बगलेत धरून, माझं काय बिनसलं ते न कळून बघत राहिला.