सालीवरचा गूळ

मांसासाठी वाढवायच्या रेड्यांना संत्र्याची वाळलेली साल चालते का, हे आमच्या केंद्रात बघायचं ठरलं, तेव्हा चाऱ्याचं काम माझ्याकडे होतं. अर्ध्या रेड्यांना नेहमीची सरकीची ढेप, अर्ध्यांना ढेप कमी करून साल. ढेपवाले रेडे दर वजनाच्या वेळी भरत चालले. सालवाले गव्हाण हुंगून मान फिरवत. कडू लागते, दुसरं काय.

मग मी इतवारीच्या बाजारातून गूळ आणला. रेडे सांभाळणारी बाई सकाळी यायच्या आत गुळाचं पाणी सालीवर शिंपडून ठेवायचो. रेडे चाटूनपुसून खाऊ लागले, वजनं बरोबरीला आली. पुढे दोन्हींचं मांस शिजवून, कोणतं कुठलं ते न सांगता लोकांना चाखवलं. कुणाला फरक कळला नाही. तेवढं खरं होतं. अहवालात मी लिहिलं, जनावरं आठवडाभरात सालीला रुळतात. गूळ लिहिला नाही. शाबासकी मिळाली, मग तर जीभच उचलेना.

बाईचा सक्करदऱ्याकडे स्वतःचा गोठा. तिनंही साल नेली. तिच्या रेड्यांनी तोंड लावलं नाही.

"तुमच्या हातचं खातात जी," ती म्हणाली, "माया हातालेच गुण नाही."

मी नुसता हसलो. तिनं रेडे विकले. नंतर दुसरे घेतले, पण त्यांना वैरण टाकायला सुनेला सांगू लागली. हे मला ठाऊक होतं, आणि तरी वर्षानुवर्षं मी गप्प होतो.

गेल्या रविवारी तिच्याकडे चहाला गेलो. सून चारा टाकत होती, ही बाजूला बसलेली. मी सांगून टाकलं.

"गूळ?"

"गूळ."

"अन मी इतके वर्षं आपलेच हात पाहून राहिली!" ती सुनेकडे वळली. "ऐकलं काय वं? साहेब चोरून गूळ घालत होते. अन तू मले गोठ्यात येऊ देत नाही."

"मी काहून अडवू, आत्याबाई? तुमीच तर नाही म्हणत होत्या."

मग मला शिव्या बसल्या. अस्सल होत्या. खरं सांगतो, बरं वाटलं.

शेवटी ती उठली, सुनेच्या हातातली पेंढी ओढून घेतली आणि स्वतः रेड्यापुढे धरली. तो खाऊ लागला. त्यानं कुणाच्याही हातचं खाल्लं असतं. पण ती त्याच्या कपाळावर हात ठेवून उभीच राहिली, आणि पेंढी संपल्यावर म्हणाली, "आण वं अजून एक."