धूसर पिक्चरची चौकशी

ती घटना आठवली की अजून वाटतं, चौकशी माझी होती, पण उलगडा भलत्यानंच केला. शिरूर तालुक्यात फौजदार म्हणून नेमणूक होती, सीडी-डीव्हीडीचे दिवस. खबर आली की केंदूरकडच्या एका वाडीवरचा तरुण घरच्या कॉम्प्युटरवर पिक्चर कॉपी करून विकतो आणि दर रविवारी होम थिएटरवर म्हाताऱ्यांना दाखवतो. खबर देणारा स्वतः सीडी भाड्यानं देणारा, म्हणजे पोटदुखी उघडच होती. तरी खबर ती खबर. पंच घेऊन गेलो, सामानासकट पोराला स्टेशनात आणलं.

एक सीडी लावून पाहिली. आवाज असा घुमला की गार्डवरचा जमादार दचकला. चित्र मात्र नुसते चौकोन. हिरो कोण अन् म्हैस कोण, कळेना. कॉम्प्युटर जाणणारा आमचा शिपाई म्हणाला, डीव्हीडीतला पिक्चर सीडीत बसवायला दाबावा लागतो. लोक आवाज दाबतात, चित्र वाचवतात, ह्यानं उलटं केलंय. मूळ डीव्हीडी तर त्याच्याच कपाटात सापडली, अगदी स्वच्छ. असला माल फुकटसुद्धा कोणी नेणार नाही. मग हा उद्योग कशाला? मला गुन्ह्यापेक्षा त्याचंच कुतूहल लागलं.

पोराला विचारलं. दम दिला, समजावलं. एमआयडीसीतली नोकरी होती त्याची. गुन्हा दाखल झाला तर ती जाईल, हेही सांगितलं. खाली बघत म्हणाला, “नोंदवा साहेब.” नोकरीवर पाणी सोडायला तयार, पण चित्र का बिघडवतो ते सांगायला नाही. असा आरोपी मी पाहिला नव्हता.

दुपारी त्याचे वडील, आबा, आले, सोबत शेजारचे आप्पा. आबा जुने मेंढपाळ, हातानं चाचपून मेंढराची पारख करून घ्यायला आजही लांबून लोक त्यांच्याकडे येत, असं पंचांनी सांगितलं होतं. रविवारी चित्राला सर्वांत जास्त शिव्या हेच घालत, हेही. मनात काहीतरी चमकलं. मी मुद्दाम मूळ डीव्हीडी लावली आणि विचारलं, “आबा, चित्र कसंय?”

आबांनी पडद्याकडे तोंड करून कपाळाला आठ्या घातल्या. “कसलं चित्र साहेब? रोजच्यावाणीच. कायबी दिसत न्हाई.”

पडद्यावर झाडाचं पान न् पान दिसत होतं. पोरानं डोळे मिटले. मला कळलं, आबांची नजर गेली होती. चित्रच वाईट असलं की न दिसण्यात आबा एकटे पडत नव्हते.

मी बोलायच्या आत आप्पा शांतपणे म्हणाले, “व्हय आबा. पार धुकं हाय. आमाला तरी कुठं दिसतंय?”

पोरानं झटकन वर पाहिलं. त्याला वाटत होतं, गुपित त्याच्या एकट्याचं आहे. बापलेक बाहेर गेल्यावर आप्पा मला हळूच म्हणाले, “वरीस झालं साहेब, आबाला दिसत न्हाई हे समद्या वाडीला ठावं हाय. आमाला ठावं हाय हे पोराला सांगू नका म्हणणार हुतो, पर आता त्यालाबी कळलं.”

विक्रीचा पुरावा नव्हताच. ताकीद देऊन सामान परत केलं. नोकरीभर मी धरून चाललो होतो की लपवणारा एक असतो आणि बाकीचे फितूर व्हायला टपलेले असतात. त्या वाडीत एक माणूस झाकायला सगळेच आंधळे झाले होते, आणि एकही फुटला नव्हता.