पडला तो गेला

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर धाकट्या भाऊजींची खोली आहे. कपाटापासून खिडकीपर्यंत बारा पावलं, खिडकीपासून टेबलापर्यंत पाच. भाजी चिरता चिरता वरची पावलं कानांवर पडून पडून हा हिशेब मला तोंडपाठ झाला आहे. भाऊजी खूश असले की पावलं वाजतच नाहीत, कारण ते टेबलाशी असतात. त्या वर्षी मार्चपासून मात्र पावलं थांबेनात.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात, आणि कवळ्या बनवतात. कोपऱ्यावर त्यांची छोटी कार्यशाळा आहे. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून भाऊजी प्लास्टरचा जबडा ओततात, मेणात दात मांडतात आणि मग गुलाबी अ‍ॅक्रिलिकची हिरडी चढवतात. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हातचं आहे असं ते म्हणतात, आणि त्यात फारशी फुशारकी नाही.

हा झाला पोटाचा उद्योग. खरा उद्योग वरच्या खोलीत. तिथे सुतारी घोड्यांवर जुना दरवाजा आडवा टाकलेला, त्यावर हिरवी चादर, चादरीखाली दातांच्याच प्लास्टरचे डोंगर, आणि जुन्या टूथब्रशांचे केस रंगवून केलेली झाडं. ह्या मुलखात निळ्यांचं आणि तांबड्यांचं राज्य. दोन्ही राज्यं जगाच्या कुठल्याच नकाशात नाहीत. शिसं आणि कथील वितळवून भाऊजींनी स्वतः ओतलेले, नखाएवढ्या चेहऱ्यांना मिशा काढलेले अकराशे सैनिक. तांबडे भाऊजींचे, निळे पट्टीरावांचे.

पट्टीराव हे भाऊजींचे मित्र. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. शर्टाच्या खिशात सदा सहा इंची पट्टी, म्हणून पट्टीराव. ते भाऊजींना कवळ्या म्हणतात. दोघांनी तिशीत असताना आठवडाभर बसून चाळीस पानी वहीत युद्धाचे नियम लिहिले. पायदळ किती इंच चालेल, तोफेचा गोळा लागला की नाही ते फाशावर कसं ठरवायचं, पूल कोणी आधी ओलांडायचा. त्यानंतर दर रविवारी साडेनऊ ते एक लढाई. एकतीस वर्षं.

त्या वहीत नववा नियम असा: "पडला तो गेला." खेळणाऱ्याच्या हाताचा किंवा बाहीचा धक्का लागून सैनिक आडवा झाला, की तो मेला. तक्रार चालणार नाही. पट्टीराव तरुणपणी हातवारे करत बोलायचे आणि सैनिकांच्या नाकांचे रंग उडायचे, म्हणून भाऊजींनी तो घालून घेतला होता. मेलेल्यांसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. मला खाली 'टण्' ऐकू आलं की समजायचं, कोणीतरी धडपडलं.

मधल्या काळात ह्या खेळाची नवी नवी नियमपुस्तकं आली आणि जुनी झाली. भाऊजींनी एकालाही हात लावला नाही. म्हणायचे, "वहिनी, नवे नियम म्हणजे नवे बूट. सगळं लक्ष पायाकडे. रस्ता बघायचा कधी?"

तर मार्चमधला तो रविवार. लढाई संपली, निळे हरले, आणि पट्टीराव चहाचा कप अर्धा ठेवून उठले. मी कप न्यायला वर गेले होते.

"कवळ्या, पुढच्या रविवारपासून मी हॉलवर खेळणार आहे."

"कुठल्या हॉलवर?"

"वाचनालयाच्या मागे क्लब निघालाय. नवे नियम, नवी माणसं. तूही चल."

"आणि हे?" भाऊजींनी टेबलाकडे हात केला.

"हे काय पळून जातंय? एकतीस वर्षं तेच डोंगर, तोच पूल. कंटाळा आला रे."

पट्टीराव जिना उतरून गेले. भाऊजी नुसते उभे होते. हरलेला माणूस रागावून गेला तर समजतं, पण 'कंटाळा' हा शब्द त्यांना लागला.

पुढचे दोन रविवार साडेनऊला पावलं सुरू व्हायची. बारा, पाच, बारा, पाच. मध्येच कपाटाचं दार उघडायचं, बंद व्हायचं. जेवायला बोलावलं तर "आलो" म्हणायचे आणि अर्ध्या तासाने यायचे, जेवता जेवता उठून खिडकीशी जायचे. एका डॉक्टरांनी कवळी परत पाठवली: दोन्ही बाजूंना उजवाच सुळा बसवलेला! चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या दिराचा प्रेमभंग झालाय की काय?"

"तसंच समजा," मी म्हटलं.

तिसऱ्या रविवारी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात. "वहिनी, तुम्ही चला ना हॉलवर. एकटा गेलो तर शरण आल्यासारखं दिसेल."

गेलो. हॉलमध्ये आठ-दहा टेबलं, त्यावर फार सुंदर मुलूख मांडलेले. तिथले सैनिक सुटे नव्हते. आठ-आठ जण एका जाड फळीवर चिकटवलेले, आणि फळीच्या फळी पुढे सरकवायची. क्लबच्या सेक्रेटरी, एक तरतरीत इंजिनियर मुलगी, हिने भाऊजींच्या खिशातला तांबडा सैनिक हातावर घेऊन पाहिला.

"काका, काय सुरेख काम आहे! पण आमच्या नियमात नाही बसणार असे. पायाखालच्या चकत्या कापून काढा आणि आठ-आठ एका फळीवर चिकटवा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमचं नाव लावू?"

"लावा," भाऊजी म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मीच चमकले.

ते फळ्यांची मापं घेत होते तेव्हा मी पट्टीरावांकडे पाहत होते. पट्टीरावांनी फळी बोटांनी उचलली नाही, तळहाताने ढकलली. फासे मुठीत घोळवले नाहीत, पेल्यात घालून पालथे केले. आणि मधल्या वेळात उजवा हात टेबलाखाली होता, डाव्या हाताने मनगट धरलेलं. तरीही कोपर हलत होतं, सारखं, बारीक. त्यांनी मान वर केली, माझी नजर पाहिली आणि हात खिशात घातला.

घरी येताना मी गप्प राहिले. दुसऱ्याने लपवलेली गोष्ट आपण उघडी करावी का, हे मला ठरवता येईना. भाऊजी मात्र बोलतच होते. अकराशे चकत्या, दिवसाला चाळीस, कुठली करवत, कुठला गोंद. बोलणं उत्साहाचं आणि चेहरा दात काढून घ्यायला निघालेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावलं थांबली आणि वरून करवतीचा बारीक आवाज यायला लागला. मग 'कट्' असा आवाज आला. मग काहीच नाही. मी हात पुसत वर गेले.

भाऊजींच्या पुढ्यात तांबडा झेंडेवाला पडला होता. घोट्यापासून तुटलेला. पाय चकतीवर, बाकीचा माणूस तळहातावर. सैनिक आणि चकती एकाच ओतीव कामातले, ते वेगळे होणार कसे?

"एक गेला," ते म्हणाले. "होतं असं. राहिलेले जपून कापीन." आणि दुसरा उचलला.

"भाऊजी, करवत खाली ठेवा."

"का?"

"काल पट्टीरावांचा हात पाहिलात का तुम्ही?"

"हाताला काय झालंय?"

"कापतो. थांबत नाही. पेला, ढकलणं, सगळं त्यासाठी आहे. फळीवरचे आठ जण पडत नाहीत, भाऊजी. तुमच्याकडचे सुटे सैनिक पडतात."

"काहीतरीच काय! नकाशावर केसाएवढी रेघ ओढायचा तो." एवढं म्हणून ते उठले, कपाटाकडे गेले आणि एक रजिस्टर घेऊन आले. त्यात प्रत्येक लढाईची नोंद असते: कोण जिंकलं, कुठे अडलं, आणि शेवटच्या रकान्यात 'पडून गेले'. भाऊजी रकान्यावरून बोट खाली फिरवत वाचू लागले. तीन वर्षांपूर्वी निळ्यांचे एक, शून्य, एक. गेल्या वर्षी तीन, चार, चार. ह्या जानेवारीत सात. नंतर नऊ. आणि शेवटच्या रविवारी चौदा. त्या चौदाच्या पुढे भाऊजींच्याच वळणदार अक्षरात शेरा होता: "पट्टीचं हल्ली लक्ष नसतं."

ते खुर्चीत बसले.

"चौदावा पडला तेव्हा मी डबा पुढे केला, वहिनी. हसून केला. वर म्हणालो, 'झोपेत आलायस का?'"

मी म्हटलं, "मग तो नियम खोडून टाका की."

"खोडला तर त्याला कळणार नाही का, कशाला खोडला? पुन्हा उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. मी ओळखतो त्याला." आणि पुन्हा उठले. बारा, पाच. "एकतीस वर्षं नियमाला चिकटून राहिलो, आणि नियमानेच माणूस घालवला."

संध्याकाळपर्यंत ती पावलं चालली. मग जिन्यावर धडधड झाली आणि भाऊजी कार्यशाळेत गेले. पुढचे सगळे दिवस ते तिथेच. डॉक्टरांची कामं अडली, फोन यायला लागले, मी सांगायचे, "मोठं काम घेतलंय." ह्यांनी एकदा डोकावून पाहिलं आणि येऊन म्हणाले, "हिरड्या करतोय. नुसत्याच हिरड्या. दात नाहीत."

शनिवारी भाऊजींनी पट्टीरावांना निरोप पाठवला: उद्या साडेनऊ. आला नाहीस तर निळ्यांची राजधानी पडली असं लिहून टाकीन.

रविवारी साडेनऊ वाजले, पट्टीराव नाहीत. पावणेदहा. डोक्यावर पावलांचा नुसता धुमाकूळ. मी कुकर उगाचच दोनदा धुतला. दहाला पाच कमी असताना जिना वाजला, आणि मी चहा घेऊन मागोमाग वर गेले. मोठे मग काढले होते आणि दोन्ही निम्मेच भरले होते.

पट्टीराव टेबलाशी थबकले होते. चादरीवर दोन्ही फौजा उभ्या होत्या. सहा-सहा सैनिक गुलाबी, वळणदार हिरडीत. प्रत्येकाची चकती आपापल्या खाचेत, दात बसावा तशी घट्ट. कोणाचा पाय कापलेला नाही, काही चिकटवलेलं नाही, अंगठ्याने दाबलं की सैनिक सुटा.

"अरे कवळ्या, ही फौज आहे की बत्तिशी?"

"वरचा जबडा तुझा, खालचा माझा."

पट्टीराव हसले नाहीत. हात खिशात होता. "नियम बदललास?"

"एक अक्षर नाही. ही वही, बघ. नववा जिथल्या तिथे आहे. पडला तो गेला." भाऊजी खिडकीकडे पाहत म्हणाले. "आता पडत नाहीत, एवढंच."

माझ्या हातातल्या मगांतून वाफ येत होती. पट्टीरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनींनी सांगितलं?"

"त्यांनी रजिस्टर उघडायला लावलं. लिहिलं मीच होतं सगळं, वाचलं नव्हतं," भाऊजी म्हणाले.

"मला सवलत नको आहे."

"सवलत कसली? माझेही हिरडीवरच आहेत. सोपं जाईल तर दोघांना जाईल."

पट्टीरावांनी त्या गुलाबी रांगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिल्या. मग हात खिशातून काढला. तो कापत होता, आणि पहिल्यांदाच त्यांनी तो तसाच कापू दिला. एक हिरडी धरून पुढे सरकवली. सहाच्या सहा निळे गडी एकदम थरथरले, डोक्यावरचे तुरे हलले, पण कोणी पडलं नाही. पट्टीरावांनी खिशातली पट्टी काढून भाऊजींकडे दिली. "माप तू घे. चोरी केलीस तर कळेल मला."

"आणि तो कंटाळा?" माप घेता घेता भाऊजींनी विचारलंच.

"ते अगदीच खोटं नव्हतं रे. तुझा पूल खरंच बघवत नाही आता. हॉल शनिवारीही उघडा असतो, तिथे मी शनिवारी जाणार. तिथलंही आवडतं मला."

भाऊजींचा चेहरा जरा पडला. पण त्यांनी मान डोलावली.

मी खाली आले, पण कान वरच. बाराच्या सुमाराला वर एकदम शांतता झाली. राहवेना, म्हणून रिकामे मग आणायचं निमित्त करून गेले. निळ्यांचा सेनापती घोड्यावर असतो, एकटाच. त्याला हिरडी केलेली नव्हती, तो बोटांनीच उचलावा लागतो. तो नदीत आडवा पडला होता. पट्टीरावांचा हात अजून त्याच्यावर अधांतरी होता. भाऊजींनी डब्याला हात घातला होता आणि तो हात तिथेच थिजला होता. सेनापती गेला म्हणजे लढाई गेल्यातच जमा.

"बघतोस काय?" पट्टीराव म्हणाले. "नववा नियम."

भाऊजींनी डबा जरा मागे ओढला.

"कवळ्या, डबा."

भाऊजींनी सेनापती उचलला आणि डब्यात टाकला. टण्! पट्टीरावांनी मगातला गार झालेला चहा दोन्ही हातांनी धरून संपवला आणि टेबलावर वाकून उरलेल्या निळ्यांचा अंदाज घेऊ लागले. भाऊजींना बसवेना. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"बस ना एका जागी," पट्टीराव वर न बघता ओरडले. "तुझ्या पावलांनी माझी माणसं हलतायत. माझी खेळी अजून संपलेली नाही."