तिसरी मेणबत्ती

पाळकसाहेबांनी आईच्या हातातली काडीपेटी काढून घेतली. सगळ्या मंडळीसमोर. म्हणाले, "मावशी, तुमी जरा मागं बसा. पाहुणे आलेत. फोटो काढायचाय."

आईनं आपल्या हातांकडं पाहिलं. उसाच्या पाचटानं चिरलेली बोटं. नखात काळं. तिनं हात पदराखाली घेतले आणि पार मागं, चपलांजवळ जाऊन खाली बसली.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावातलं हे छोटं चर्च. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी एक मेणबत्ती, एकेका घरानं पेटवायची. आमच्या घराची पाळी कधी आलीच नाही. दिवाळी झाली की आई-बाप ऊसतोडीला जायचे. यंदा पाळकसाहेब स्वतः घरी आले. "तिसरी मेणबत्ती तुझ्या आईची," म्हणाले. फोनवर सांगितलं तर आई रडलीच. मुकादमाच्या हातापाया पडून तिनं एक दिवसाची सुट्टी घेतली. माजलगावकडच्या उसाच्या फडावरून दोन एसट्या बदलून आली. चांगलं लुगडं पिशवीत घालून आणलं होतं, खराब होऊ नये म्हणून. ते स्टँडवर नेसली.

प्रभू कधी येईल सांगता येत नाही, जागं राहावं, असं पाळकसाहेब दर वर्षी सांगतात. आईला हे शिकवायची गरज नव्हती. फडावर ऊस भरायला ट्रक कधीही येतो. बाया कान उघडे ठेवूनच पडतात.

पाहुणे म्हणजे तालुक्याचे एक पुढारी. चर्चला कंपाउंड बांधून देतो म्हणाले होते. त्यांनी काडी ओढली आणि चारीच्या चारी मेणबत्त्या पेटवल्या. पुढच्या रविवारचीसुद्धा. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळकसाहेबांना तर माहीत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाळकसाहेबांच्या आजोबानं आणि माझ्या आजोबानं एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. दोघं गावाबाहेरच्या एकाच वस्तीतले. देवाच्या घरात उच्चनीच नसतं, हे मी लहानपणी याच माणसाच्या तोंडून शिकले. खरं मानलं. मोठी झाले तरी मानत राहिले.

बायबलातला पाठ वाचायला माझं नाव पुकारलं. मी पुढं गेले. शास्त्र उघडलं. चपलांजवळ बसलेल्या आईकडं पाहिलं. शास्त्र बंद केलं.

"पाठ मी वाचणार न्हाई. माझ्या आईला मागं काहून बसवलं, ते आधी सांगा."



पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पोरी, सबुरी ठेव."

"सबुरी आमीच ठेवायची?"

मागून आईच ओरडली, "गप बस गं! तमाशा नको."

ते मला सगळ्यात जास्त लागलं. फोटो निघाला. आई त्यात नाही.

दुपारी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटी लागली तेव्हा म्हणाली, "चौथी बी पेटवली त्यानं. आता पुढल्या आयतवारी काय करतील गं?" स्वतःबद्दल एक शब्द नाही. गर्दीत चढली आणि फडावर गेली.

दोन दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. "झालं गेलं सोड. नाताळाचा पाठ तूच वाच."

"आईची माफी मागा. ती आल्यावर, सगळ्या मंडळीसमोर. तवर मी वाचणार न्हाई."

"म्हणजे चर्च सोडतीस?"

"सोडायला ते तुमचं हाय का? माझ्या आजोबानं त्याच्या भिंतीला दगड वाहिलेत."

ते निघून गेले. माफी अजून मागितलेली नाही. दर रविवारी मी पहिल्या बाकावर बसते, जिथं पाहुणे बसतात. प्रवचन सांगताना ते माझ्याकडं बघत नाहीत. हंगाम संपला की आई येईल. नको म्हणेल, हात ओढून घेईल. तरी मी तिला शेजारी बसवणार. मग कुणीही येऊ दे, कितीही मोठा असू दे. आम्ही दोघी उठणार नाही.