डाव्या हाताची उशी

"मेंढीची शीर मला डोळं झाकून घावती, आन् ह्यांना माझी दिव्याखाली घावंना," असं भाऊसो एकदा डायलिसिसच्या खाटेवरून म्हणाले होते.

आटपाडीकडचा हा मेंढपाळ, वय चौऱ्याहत्तर. मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा सांगलीत येऊन चार तास पडायचं. दोन खाडे झाले की छातीत पाणी भरायचं. तिथं फिनेल आणि शिळ्या घामाचा वास. भिंतीवर हसऱ्या मूत्रपिंडाचं चित्र. ते दिसलं की भाऊसो तोंड फिरवायचे.

यंत्राला जोरकस शीर लागते. म्हणून हातातली धमनी शिरेला जोडतात. शीर फुगते, घुमते. तरण्या माणसाची दीड महिन्यात तयार होते. भाऊसोंच्या उजव्या हातात दोनदा जोडली, दोनदा बंद पडली. डाव्या कोपराजवळची मात्र घुमत राहिली, पाच महिन्यांनी तयार झाली. बायको अंबूबाई रोज सकाळी तिथं कान लावायची.

"वाजतंय का?"

"वाजतंय. तुमच्यापरास बरं बोलतंय."

या हातावर वजन नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उशीला काय घेता, हे कुणी विचारलं नाही. भाऊसो पन्नास वर्षं रानात झोपले ते डावा हात दुमडून डोक्याखाली, उजव्या मुठीत काठी. हात दुखत होता तोवर लांब राहिला. दुखणं थांबलं आणि झोपेत तो आपल्या जुन्या जागी गेला.

मंगळवारी अंबूबाईनं कान लावला. पुन्हा लावला. "आवं, मुकं झालंय."

सांगलीत टेक्निशियन अमृतनं शीर चाचपली. "आजोबा, हातावर झोपला काय?"

"मग काय खुंटीला टांगून झोपू?"

डॉक्टर म्हणाले, "रक्ताची गाठ धरलीय. तरण्या शिरेनं सोसलं असतं. तुमच्या वाहिन्यांच्या भिंतीत चुना साठलाय. नवी जोडायला हातांत आता जागाच नाही. आजच मानेत नळी घालू."

"किती दिस?"

"कायमची. बाहेर लोंबत राहील. भिजवायची नाही."

शेजारच्या खाटेवर मानेत तशीच नळी असलेला एक म्हातारा होता. पट्टी पिवळी पडलेली, कडेला पू. सून त्याला भात भरवत होती आणि तो भात हनुवटीवरून नळीवर ओघळत होता. भाऊसो बराच वेळ ते बघत राहिले.

"आवं, घाला म्हणा की," अंबूबाई म्हणाली. "माझ्यासाठी तरी."

अमृतनं औषधाचा गार बोळा त्यांच्या मानेला लावला. भाऊसोंनी त्याचा हात बाजूला सारला. पैरण चढवली, पटका न बांधता काखेत मारला आणि अंबूबाईकडेही न बघता दारातून बाहेर पडले.