कोणता लोटन?

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. ती वैशाखातली दुपार मात्र मनातून उतरत नाही. मी तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या ठाण्यात फौजदार होतो. उन्हानं डोंगर इतका फिकट व्हायचा की तो खरंच तिथे आहे की नुसता भास आहे, सांगता येत नसे. पंखे गरम हवा फिरवत होते. ठाणे अंमलदार डायरीवर कोपर टेकून जागं राहायची खटपट करत होता. तेवढ्यात बसस्टँडवरून फोन आला.

फोन कँटीनवाल्याचा होता. आमचा जुना खबऱ्या, उगाच फोन करणारा नव्हे. एक म्हातारा सकाळपासून बाकावर बसलाय आणि काहीच्या बाही बोलतोय, असं तो म्हणाला. म्हणे तापीच्या पुरात नाव घातली, विहीर खणली, इंग्रजांचा मार खाल्ला. माणसं जमली आहेत. काही पाया पडतायत, काही म्हणतायत भोंदू आहे, पोरांना पळवायला आला असेल. साहेब, लवकर या.

ज्या गर्दीत अर्धे लोक पाया पडतात आणि अर्धे संशय घेतात, ती गर्दी पोलिसाला सगळ्यात नकोशी. दोन्हीकडच्यांना आपलं खरं करून दाखवायचं असतं आणि मध्ये सापडतो तो एकटा माणूस. मी तसा काळजी करणाराच. कोकणात खाडीकाठचं माझं गाव. शाळा दहावीपुढे गेली नाही. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झालो. खात्यानं मला पुष्कळ दिलं, पण आपल्या हातून काही चुकेल ही धास्ती काही गेली नाही. दुसऱ्या कुणाला न पाठवता मी स्वतःच जीप काढली.

म्हाताऱ्याचं धोतर मळून मातीच्या रंगाचं झालेलं, दाढी छातीपर्यंत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. चला म्हटल्यावर लगेच उठला. जीपमध्ये बसून तो बाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत होता. झोपेतला माणूस डोळे उघडे ठेवून बघतो ना, तसा.

ठाण्यात आणल्यावर जबाब घ्यायला हवालदार बसला. हा फैजपूरकडचा, लिहायला वळणदार आणि बोलायला फटकळ. त्यानं आधी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि नाव विचारलं.

“लोटन,” म्हातारा म्हणाला. खरं नाव मी इथे लिहीत नाही. लोटनच म्हणू.

“कोणता लोटन? गाव कोणतं, बापाचं नाव काय?”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. ग्लासात बोट बुडवून टेबलाच्या कडेला एक ओला ठिपका लावला आणि संथ आवाजात सुरू झाला. तापीला पूर होता. पल्याडच्या गावात बाई अडली होती. लोटननं सुईणीला नावेत घेतलं आणि झाडं वाहून येत होती त्या पाण्यातून पलीकडे पोचवलं. मग दुसरा ठिपका. दुष्काळ पडला, लोटननं कातळात विहीर खणली. पाणी लागलं त्या दिवशी त्यानं पहिली ओंजळ गावच्या गाईला पाजली. तिसरा ठिपका. लोटन पैलवान, यात्रेत मोठमोठे मल्ल पाडले आणि हरलेल्याच्या डोक्याला आपल्या हातानं पागोटं बांधलं. चौथा. लोटन वही, म्हणजे खानदेशी लोकगाणी, गायचा, त्याचं गाणं ऐकून बांधावरून भांडणारी दोन गावं सकाळपर्यंत एकत्र बसून राहिली. पाचवा. लोटननं चावडीवर झेंडा लावला, गोऱ्या साहेबानं एक डोळा घालवला, दुसऱ्या डोळ्यानं त्यानं स्वराज्य पाहिलं.

पाचव्या ठिपक्यानंतर तो थांबला. मधल्या वेळात अंमलदारानं लिहिणं सोडलं होतं, आरोपीला घेऊन आलेला शिपाई आरोपीसकट उभा होता. मला खाडीतला आमचा तरीवाला आठवला, आणि वल्ह्याचा आवाज.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “साहेब, वयाच्या रकान्यात काय लिहू? इंग्रज होते, दुष्काळ होता, तापीला नाव होती. दीडशे लिहिलं तरी कमी पडतंय.”

सगळे हसले. म्हाताराही हसला, का हसतो ते न कळता.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर मार नाही, दारू नाही, स्मरण गेलेलं आहे. बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांच्या पाहिल्या. वर्णन जुळेना. फोटो सगळीकडे पाठवला, पण त्या दाढीतून चेहरा कुणाला दिसणार? वरिष्ठांनी विचारलं, किती दिवस ठेवणार आहात, हे ठाणं आहे, धर्मशाळा नाही. त्यांचंही बरोबर होतं. अक्षय्य तृतीयेचा सण झाला की त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या निराधारांच्या आश्रमात पोचवायचं ठरलं. तिथे त्याला जेवण मिळालं असतं, कपडे मिळाले असते. पण तिथल्या नोंदीत तो “लोटन, पूर्ण नाव माहीत नाही” म्हणून गेला असता आणि तसाच एक दिवस संपला असता. अशा जागी पोचवलेली माणसं घरी परतल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. मी स्वतः गावापासून इतक्या लांब. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जबाबाला बसलो. चौकशीचा माझा एक साधा नियम होता, तीच गोष्ट दोनदा विचारायची. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी गोष्ट सजवतो. खरं सांगणारा अडखळतो, एखादी गोष्ट विसरतो, भलतीच एखादी आठवून सांगतो. या म्हाताऱ्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. शब्द तेच, क्रम तोच, थांबायच्या जागाही त्याच. मला तिथे जाणवलं की हा आपलं आयुष्य सांगत नाहीये. याला हे पाठ आहे. कुणीतरी, कुठेतरी, पुष्कळ वर्षं त्याच्या कानावर हे घातलंय.

पण पाठ असलेलं कोण कशाला बोटानं ठिपके लावत बोलेल, ते कळेना.

आमची एक महिला शिपाई रजेवरून त्याच दिवशी हजर झाली होती. धुळ्याकडची, शेतकऱ्याघरची. दारात उभी राहून ती ऐकत होती. तिसरा ठिपका लागला तशी ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, “साहेब, हे आबा जबाब नाही देऊ राहिले. हे घागर भरू राहिले.”

आखाजी तोंडावर आली होती. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. त्या दिवशी पितरांसाठी पाण्याची मातीची घागर भरून ठेवतात, वर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबा. एकेका पितराचं नाव घेऊन उंबऱ्याला कुंकवाचं बोट लावतात. इतकी वर्षं इथे काढून मला एवढंच माहीत होतं. तिनं पुढचं सांगितलं. बऱ्याच घरांत आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत आहे. एकाच भाऊबंदकीत चार पिढ्यांत तीन-तीन लोटन होऊन जातात. मग घागरीला नुसती लोटन म्हणून हाक मारली तर पाणी कोणत्या लोटननं प्यायचं? म्हणून कुठे कुठे प्रत्येकाला त्याच्या कामावरून बोलवतात. नाववाला, विहिरीवाला. आमच्याकडे एवढं लांबण नाही लावत, ती म्हणाली, पण हे कुठल्या तरी घरातले हाक मारणारे कर्ते आबा असतील.

“म्हणजे तुम्ही कोणता लोटन, हे आपण विचारायचो,” हवालदार म्हणाला, “आणि हा बिचारा बठ्ठे, सगळेच्या सगळे लोटन बोलवायचा.” या वेळी तो हसला नाही.

तोंड ओळखू येत नव्हतं, पण या हाका तर ओळखीच्या असणार. जे घर दर आखाजीला त्या ऐकत असेल त्याला, त्याच्या शेजाऱ्यांना. मी मोबाईलवर म्हाताऱ्याचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि आमच्या तालुक्याच्या पोलीस पाटलांच्या ग्रुपवर टाकलं. ओळखीच्या ठाण्यांना सांगून पलीकडच्या तालुक्यांतही पाठवलं. सोबत लिहिलं, हे पाच लोटन कोणाच्या घरचे आहेत, कळवा. पाठवल्यावर वाटलं, लोक हसतील. एकदोघांनी हसणारे चेहरे पाठवलेही.

संध्याकाळी भडगावकडून फोन आला. गिरणाकाठच्या एका गावचे पोलीस पाटील बोलत होते. आवाज काही ओळखला नाही, ते म्हणाले, पण लोटन बठ्ठे ओळखीचे आहेत. आमच्या शेजारच्या घरातले, ते घर मूळचं तापीकाठचं. लहानपणी आम्ही सांजोरीच्या आशेनं त्या अंगणात जाऊन बसायचो, तेव्हा ऐकलेत.

मग त्यांनी जे सांगितलं त्यानं माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या घरचा लोटन मुलाकडे सुरतला राहायला गेला होता. साडीच्या कारखान्यात मुलगा कामाला. तिथून दोन वर्षांमागे म्हातारा जो बाहेर पडला तो परत आला नाही. तक्रार सुरतला दिलेली, म्हणून आमच्याकडच्या नोंदीत नाव नव्हतं. शोधून शोधून भाऊबंद थकले. ना इकडचा, ना तिकडचा, माणूस तहानलेला फिरत राहील असं म्हणून त्यांनी यंदा त्याची घागर भरायचं ठरवलं होतं. उद्या आखाजी. घरची अक्का, म्हणजे त्याची बायको, कपाळाचं कुंकू पुसायला तयार नव्हती आणि घरात त्यावरून आठवडाभर रुसवेफुगवे चालले होते.

मी वरिष्ठांना फोन केला. माझं बोलणं घाईत थोडं पुढेमागे झालं असणार. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पहाटेच निघा. गाडीत पाणी ठेवा.” त्या दोन वाक्यांसाठी मी त्यांचा अजून ऋणी आहे.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं. गावाबाहेर कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधले होते, सासरहून आलेल्या मुली आखाजीची गाणी म्हणत होत्या. ते आवाज आणि गिरणेच्या वाळूवरून येणारं वारं यांतून जीप चालली होती आणि मला वाटत होतं, आपण अजून जागे झालेलोच नाही. पोलीस पाटलांनी घरी आधी कळवलं होतं. तरी कुणी खात्री धरली नव्हती. आवाजावरून काय सांगावं, दुसराच कुणी असायचा. अंगणात शेणानं सारवलेल्या जागेवर घागरी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. त्याच्यासाठी मांडलेली घागरही उचलायचं कुणाला धाडस झालं नव्हतं.

म्हातारा उतरला. त्यानं मुलाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. ओळख दिसली नाही. मुलगा पुढे होऊन पायाशी वाकला, तर त्यानं सवयीनं डोक्यावर हात ठेवला, एवढंच. मग त्याला घागरी दिसल्या. तो सरळ चालत गेला आणि उंबऱ्याशी, जिथे कर्त्या माणसानं बसायचं तिथे, मांडी घालून बसला. वाटीतलं कुंकू बोटाला लावलं. तापीला पूर होता, त्यानं सुरू केलं.

त्याला कुणी थांबवलं नाही. नाववाला आला, विहिरीवाला आला, पैलवान, वहीवाला, झेंडेवाला. एकेका घागरीवरून हात फिरवत तो पुढे सरकत होता. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. पाच झाले. ओळीत एक घागर उरली, नवी कोरी.

त्यानं तिच्यावर हात ठेवला आणि थांबला. काय म्हणायचं ते त्याला आठवेना. आठवणार कुठून, तसं काही होतंच नाही.

“हाई कोणी शे?” त्यानं विचारलं. ही कोणाची?

भाऊ मान खाली घालून बसला होता. तेव्हा इतका वेळ दाराआड उभी असलेली अक्का बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती त्याच्यासमोर बसली, नवी घागर उचलून कलती केली आणि तांब्यात पाणी घेतलं.

“तुमनीच शे,” ती म्हणाली. “पी ल्या.”

तो तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायला. धोतरावर सांडलं तरी प्यायला. मग दाढी पुसून तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तिला ओळखलं की नाही, मी सांगू शकत नाही. पोलिसानं जेवढं पाहिलं तेवढंच सांगावं. पण तांब्या परत देताना त्यानं तिचा हात जरा धरून ठेवला, हे मी पाहिलं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुरणपोळी, आमरस. पंगतीत मी भावाला विचारलं, आज ही घागर भरली असती तर कोणता लोटन म्हणून हाक मारणार होता? तो म्हणाला, “साहेब, त्याच्यावरच तर आमचं अडलं होतं. यानं ना नाव घातली, ना विहीर खणली. शेती केली, पोरं वाढवली, म्हातारपणी सुरतला गेला. असल्या माणसाला काय म्हणून बोलवायचं?”

त्यानंतर मी जिथे जिथे होतो तिथे बेपत्ता माणसाची तक्रार घेताना घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारत आलो. उंची, रंग, कपडे हे झाल्यावर विचारायचो, हा माणूस एकटा असताना काय पुटपुटतो? कुठलं गाणं, कुठला अभंग, कुणाला हाक? लोक आधी गोंधळतात, मग सांगायला लागले की थांबत नाहीत. रंग उतरतो, उंची वाकते, चेहरा दाढीत जातो. बाकी सगळं गेल्यावर माणसाजवळ राहतं ते दुसऱ्यांबद्दलचं काहीतरी असतं, हे मला त्या म्हाताऱ्यानं दाखवलं. त्याच्याजवळ स्वतःचं काही उरलं नव्हतं, पण आपल्या नावाची पाच माणसं त्यानं सांभाळून ठेवली होती. त्यांनी त्याला घरी आणलं.

तो पुढे दोन पावसाळे जगला. गेला तेव्हा मुलाचा फोन आला होता. त्याच्या पहिल्या आखाजीलाही आला. घागर भरली, म्हणाला, नव्या नातवाला आजोबाचंच नाव ठेवलंय, आणि आता कोणता लोटन ते सांगायला अडचण राहिली नाही. आईनंच ठरवून दिलं.

“काय म्हणून बोलवता?” मी विचारलं.

“घर वना तो लोटन,” तो म्हणाला. घरी आला तो लोटन.